गाणगापूरला गेलेली घरं

माझं अक्षर चांगलं आहे. त्याच्या जोरावर मला ती नोकरी मिळाली आणि त्याच्याच तोऱ्यात ती जाता जाता राहिली. आळंदच्या एका पोरीला कन्नड येतं, मराठी येतं, कामापुरती दखनी येते, ती कागद घाण करत नाही आणि उन्हात चालायला कुरकुरत नाही, एवढं कळल्यावर गुलबर्ग्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी मला पुढचं काही विचारलंच नाही. तेव्हा गुलबर्गाच म्हणायचे. कलबुर्गी म्हणायची सवय मला अजून अर्धीच लागली आहे.

ऑफिस एका मोठ्या जागतिक संस्थेचं होतं. कुठल्या गावात धान्य किती दिवस पुरेल, कुठं लोक एक वेळचं जेवण सोडायला लागलेत, हे उपासमार व्हायच्या आधीच वर कळावं म्हणून देशोदेशी अशी माहिती गोळा करतात, असं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ती कल्पना फार आवडली. ताप चढायच्या आधी अंग कसकसतं, तेवढ्यातच ओळखायचं आणि औषध द्यायचं, असं मी घरी आईला समजावून सांगितलं. आई म्हणाली, "मग आधी तू नीट जेव."

त्याच भागात दुसरी एक जागतिक संस्था लेकरांची वजनं घ्यायची. आम्ही त्यांना वजनवाले म्हणायचो, ते आम्हाला ज्वारीवाले. दोन्ही संस्थांच्या जीपा कधीकधी एकाच लिंबाखाली उभ्या राहत. साहेब लोक एकमेकांना दुरूनच हात करत आणि आपापल्या वाटेनं जात. दोघांचे ड्रायव्हर तेवढे एकाच कपातला चहा बशीत ओतून वाटून पीत. आमच्या फॉर्मात लेकराच्या वजनाला जागा नव्हती आणि त्यांच्या रजिस्टरात धान्याला नव्हती. एकाच घरात सकाळी आम्ही कणगीत डोकावायचो, दुपारी ते लेकराला काट्याला टांगायचे. आम्हाला काय दिसलं ते त्यांना माहीत नाही, त्यांना काय दिसलं ते आम्हाला माहीत नाही. घरातली बाई मात्र दोघांनाही पाणी द्यायची.

माझ्याकडे निंबर्ग्याच्या रस्त्यावरचं एक गाव होतं. त्याचं नाव मी इथंही लिहिणार नाही, का ते पुढं कळेल. पंधरा दिवसांतून एकदा बसनं फाट्यावर उतरायचं, मैलभर चालायचं आणि ऑफिसनं चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या वीस घरांत बसून फॉर्म भरायचा. धान्य किती उरलंय, काल काय रांधलं, कोण किती वेळा जेवलं, काही विकलं का. घराला कुलूप असलं तर शेजाऱ्याला कारण विचारायचं, ते लिहायचं आणि उजव्या हाताचं पुढचं उघडं घर घ्यायचं, असा नियम होता. वीस म्हणजे वीस. आमच्या तुकडीत माझा गठ्ठा सगळ्यांत पूर्ण असायचा, एकही खाडाखोड नाही, एकही घर गाळलेलं नाही. मी तो साहेबांच्या टेबलावर ठेवायची आणि ते पहिलं पान बघून "शाब्बास" म्हणेपर्यंत तिथून हलायची नाही.

आता त्या कुलपांचं सांगते. मी काम सुरू केलं त्या वर्षी रब्बीची ज्वारी गुडघ्यावरच वाळली होती, तूरही बेताचीच आली होती. तुरीची सुगी संपली आणि गावातल्या दारांना एकेक करून कुलपं लागायला लागली. शेजारी विचारलं की उत्तर एकच.

"गाणगापूरला गेल्यात की. सेवेला बसल्यात."

आमच्या भागात याचा अर्थ काय, ते कुणाला सांगावं लागत नाही. गाणगापूर जवळ आहे. दत्ताच्या पायाशी महिना-दोन महिने सेवेला बसणारी माणसं खरोखरच असतात, त्यामुळे खोटं बोलल्यासारखंही होत नाही. पण एखादं अख्खं घर, लेकराबाळांसकट, भांडी बांधून सेवेला बसलंय म्हटलं की ते पुण्याला नाहीतर हैदराबादला बांधकामावर गेलं, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. ऐकणारा मान डोलावतो आणि पुढं विचारत नाही. कालपर्यंत स्वतःच्या रानात उभं राहणारा माणूस दुसऱ्याच्या विटा उचलायला गेला, हे शेजाऱ्यानं आपल्या तोंडानं बोलायचं नसतं. शेजारी जाणाऱ्याची अब्रू सांभाळतो, उद्या त्याच्यावर वेळ आली की हा त्याची सांभाळतो. मी याच मातीतली. माझे काकासुद्धा दोनदा असे गाणगापूरला गेले होते, आणि शाळेत मी तोंड वर करून तसंच सांगितलं होतं.

तेव्हा मीही मान डोलावली. फॉर्मात कुलपाच्या कारणांसाठी चौकोन होते. लग्नकार्य, दवाखाना, देवदर्शन, इतर. इतर लिहिलं तर खाली चार ओळींचा खुलासा द्यावा लागायचा. देवदर्शनावर एक बरोबरची खूण केली की भागायचं. मी खूण करायची, तिच्यापुढं बारीक अक्षरात घराची जागा लिहायची, म्हणजे मारुतीच्या मागचं, चिंचेखालचं, असं, आणि उजव्या हाताच्या उघड्या घरात शिरायची. परका माणूस असता तर त्यानं दारात उभं राहून हटकलं असतं, कधीपासून गेलेत, कधी येणार, एवढ्या सगळ्यांना एकदमच कसा देव आठवला. मी चांगल्या वळणाची होते, म्हणून मी विचारलं नाही.

चौथ्या फेरीला माझ्या वीस घरांतल्या सात घरांना कुलूप होतं. त्यांच्या जागी मी सात उघडी घरं घेतली. उघडी कुणाची? ज्यांच्या विहिरीला पाणी होतं त्यांची. एक मास्तरांचं, एक दुकानदाराचं. त्यांच्या कणग्या भरलेल्या होत्या आणि काल रांधलेल्यात वरण होतं, भात होता, एका घरी तर खीर होती. दर फेरीला गाव माझ्या फॉर्मात जास्त जास्त खातंपितं होत गेलं. याचं मला तेव्हा काहीही वाटलं नाही. अक्षराकडे मात्र लक्ष होतं.

त्या सातांत एकच उघडं घर असं होतं की ज्याच्या कणगीत मला डोकावता आलं नाही. मारुतीच्या मागच्या कुलपाशेजारचं, एका विधवा बाईचं. तिला अख्खं गाव अक्का म्हणायचं, मीही म्हणायची. तिचा मुलगा फौजेत होता आणि ती एकटीच राहायची. कुलूप लावून गेलेल्या घरातली म्हातारी तेवढी मागं राहिली होती, ती अक्काच्या ओट्यावर बसलेली असायची. मी फॉर्म काढला की अक्का म्हातारीकडे एकदा बघायची आणि मोठ्यानं सांगायची, "धान्य हाय की. व्हय, दोघी बी दोन येळा जेवतो. लिव."

मी लिहिलं.

मग यादी आली. आमच्या आणि इतर सगळ्या माहितीवरून कुठल्या गावांत धान्याच्या मोबदल्यात कामं काढायची, कुठं म्हाताऱ्यांना आणि लेकरांना दुपारचं जेवण द्यायचं, ते त्या यादीत होतं. माझ्या गावाच्या वरचं गाव यादीत होतं, खालचं होतं. माझ्या गावापुढं लिहिलं होतं, परिस्थिती समाधानकारक. मी ती ओळ तीन वेळा वाचली. वरच्या आणि खालच्या गावाचं आभाळ एकच, माती एकच, तर मधल्याच गावात काय सोनं पिकलं?

हेच कोडं वजनवाल्यांनाही पडलं होतं, फक्त दुसऱ्या टोकानं. त्यांची एक शाखा पुण्यात बांधकामावरच्या लेकरांची वजनं घ्यायची. तिथल्या बाईंच्या लक्षात आलं की आळंद तालुक्यातल्या एकाच गावाची बरीच लेकरं त्यांच्या काट्यावर आली आहेत आणि त्यांची वजनं फार खाली आहेत. त्यांनी आपल्या वरिष्ठांना विचारलं, हे गाव ज्वारीवाल्यांच्या यादीत का नाही? नेमका त्याच सुमारास दोन्ही संस्थांचा वर कुठंतरी परदेशात करार झाला होता की यापुढं एकमेकांची माहिती जोडून बघायची. ड्रायव्हर लोकांना जे लिंबाखाली केव्हाच जमलं होतं, ते आता साहेबांनाही करणं भाग होतं. गुलबर्ग्याला पहिली एकत्र बैठक ठरली आणि मला फॉर्म घेऊन यायचा निरोप आला.

मी आदल्या दिवशी जेवले नाही. आईला वाटलं कसलातरी उपास धरला.

बैठकीत लांब टेबलाच्या एका बाजूला आमची माणसं, दुसऱ्या बाजूला त्यांची. पुण्याच्या बाई पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, आणि त्यांच्यापुढं कोपरे दुमडलेलं एक जाडजूड रजिस्टर. त्यांनी ते उघडलं आणि सावकाश वाचायला सुरुवात केली. मुलगा, वय तीन. बाप गवंड्याच्या हाताखाली, आई विटा वाहते, थोरली बहीण त्याला सांभाळते. गावातलं घर मारुतीच्या देवळामागं. मुलगी, वय दोन. घर चिंचेखाली.

मला पुढचं ऐकायची गरजच नव्हती. सातही माझी घरं होती. गाणगापूरला गेलेली.

आमच्या साहेबांनी माझा गठ्ठा ओढून घेतला आणि एकेक पान उलटलं. "देवदर्शन," ते म्हणाले. "देवदर्शन. देवदर्शन. हे गाव एकदम एवढं भाविक कसं झालं?" त्यांच्या शेजारचा कुणीतरी म्हणाला, "घरी बसून भरले असतील." ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्या चपला बघा. तिसरा जोड आहे. एकेका घराच्या ओट्यावर जाऊन बसलेय मी." आवाज एवढा चढला की बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला.

"मग तुम्हाला फसवलं लोकांनी," साहेब जरा नरमाईनं म्हणाले.

तिथं मला गप्प बसता आलं असतं. फसवलं म्हटलं असतं तर माझी नोकरी वाचली असती आणि दोष गावावर गेला असता. पण अक्कानं मला फसवलं, असं मला म्हणता येईना. तिनं जे सांगितलं ते मला पुरतं कळलं होतं.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "गाणगापूर म्हणजे पुणं, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं. पण ते असं लिहून काढायचं नसतं."

मला रडू येत होतं आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. दोन महिने ती कुलपं माझ्या छातीवर होती, हे मला ती उतरल्यावर कळलं.

साहेब काही बोलायच्या आत पुण्याच्या बाई बोलल्या. "आमच्याकडं हेच उलटं आहे," त्या म्हणाल्या. "तिथं बायका गावाचं नाव नीट सांगतात, घराची खूण सांगतात, आणि मग हात धरतात, ताई, गावी कळवू नका." मग त्यांनी माझा फॉर्म स्वतःकडे घेतला आणि माझी बारीक अक्षरं बघितली. "हिनं घरांच्या जागा लिहिल्यात म्हणून आज हे जुळलं. नाहीतर आपण दोघं वर्षभर एकमेकांना खोटं ठरवत बसलो असतो."

नोकरी वाचली. पण काम पुढंच होतं. पुरवणी यादी दहा दिवसांनी दिल्लीला जाणार होती. तोवर त्या सात घरांची खरी माहिती हवी, आणि ती शेजाऱ्यांनी नावानिशी, सही-अंगठ्यानिशी द्यायला हवी, असं आमच्या साहेबांनी ठरवलं. नाव नाही तर पुरावा काय, असं त्यांचं म्हणणं. ते त्यांच्या जागी बरोबर होते, एकदा पोळले होते.

मी दुसऱ्याच दिवशी गावात गेले. म्हातारी झोपली होती. अक्काला ओट्याच्या कडेला घेऊन मी सगळं स्पष्ट सांगितलं. ते पुण्याला आहेत हे आता ऑफिसला कळलंय, तुम्ही फक्त सांगा आणि अंगठा द्या, म्हणजे गाव यादीत जाईल.

अक्का माझ्याकडे बघतच राहिली. "तू सांगितलीस?"

"लेकराच्या वजनावरून कळलं."

"न्हाई," ती म्हणाली. "म्या अंगठा देत न्हाई. त्या घरच्या पोरीची सोयरीक व्हायलीय मुडबीला. तिची माय जाताना माजा हात धरून सांगून गेलीय, कुणी बी इचारलं तर गाणगापूर सांग. विटा उचलायलेत म्हणून कागदावर आलं आन् ते मुडबीला कळलं, तर कोन करंल पोरगी?"

"मुडबीला कसं कळेल अक्का? कागद दिल्लीला जातो."

"कागद हाय. कुटं बी जाईल." तिनं दाराची कडी आतून लावली. त्या गावात माझ्या तोंडावर दार पहिल्यांदाच लागलं.

मी फाट्यापर्यंत चालत आले ती तणतणतच. अक्कावर चिडले होते, साहेबांवर चिडले होते, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. कारण अक्का बरोबर बोलत होती. जे ओझं मी बैठकीत उतरवून टाकलं, ते माझं नव्हतंच, त्या पोरीचं होतं, आणि मी ते न विचारता टेबलावर ठेवून आले होते. दुसऱ्या बाजूला अख्खं गाव होतं. वरच्या गावात तळ्याचं काम सुरू झालेलं होतं, धान्याची पोती आलेली मी बसमधून बघितली होती.

आळंदला उतरून घरी जायच्या आधी मी एसटीडी बूथवर गेले आणि पुण्याच्या बाईंना फोन लावला. बैठकीत त्यांनी मला नंबर लिहून दिला होता. मी एका दमात सगळं सांगितलं, मुडबीच्या स्थळासकट. पलीकडे त्यांनी रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "अगं, पण आपल्याला नावाची गरजच काय आहे? माझ्या प्रत्येक लेकराच्या कार्डावर आकडा आहे. तुझ्या प्रत्येक घराला आकडा आहे. आकड्याला आकडा जोडला की झालं. नावं माझ्या कपाटात राहतील आणि तुझ्या वहीत."

"आमचे साहेब मानतील?"

"ते माझ्यावर सोड."

त्यानंतरचे तीन दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी आईचं सगळं धान्य निवडून ठेवलं, नको असतानाही. चौथ्या दिवशी साहेबांचा निरोप आला. दोन्ही संस्था एक दुपारभर भांडल्या म्हणे. पुण्याच्या बाईंनी हट्ट सोडला नाही. शेवटी असं ठरलं की वर फक्त आकडे जातील, नावं खालच्या खाली राहतील, आणि दोन्हीकडचा एकेक माणूस ती जुळल्याची सही करेल. आमच्याकडून सही करायची मी.

मी पुन्हा अक्काच्या दारात उभी राहिले. या वेळी फॉर्म आधी तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं, पण नावाची जागा कुठं असते ते तिला ठाऊक होतं, सरकारी कागद सगळे सारखेच. तिथं नुसती रेघ होती.

"नाव न्हाई?"

"नाही. घरमालकाचं नाही, तुमचंही नाही."

"अंगठा?"

"नाही. सही माझी. उद्या काही झालं तर मला धरतील."

तिनं फॉर्म उलटा करून मागची बाजूही बघितली. मग म्हातारीला म्हणाली, "तुमी जरा मारुतीला जाऊन या." म्हातारी काठी टेकत गेली. ती देवळाच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत अक्का थांबली आणि मग जी बोलायला लागली ती थांबेचना.

"संक्रांतीच्या बाजारानंतर गेल्यात. मागं दोन पायल्या ज्वारी ठिवली, म्हातारीसाटी. ती कवाच संपली. आता माज्यातलंच दोघी खायलोय. लिवायलीस का?"

"लिहितेय. दोन वेळा?"

"म्हातारी दोन येळा." ती थांबली. "मी एकडाव. तिला सांगते, मी आदीच जेवले म्हणून. तिला कळलं तर तीबी खानार न्हाई. तू दर बारीला तिच्यासमूर इचारायलीस, मग मी काय सांगू?"

माझा पेन थांबला. दर फेरीला मी म्हातारीच्या देखत विचारलं होतं आणि दर फेरीला सुंदर अक्षरात लिहिलं होतं, दोघी, दोन वेळा. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "कामून रडायलीस? लिव, लिव. येत्या अमावस्येपातूर पुरंल कसंबसं. त्याच्या फुडं न्हाई."

तिनं लिहू दिलं हे कळल्यावर उरलेल्या सहा घरांच्या शेजाऱ्यांनीही लिहू दिलं. दुकानदार तर स्वतः चालत आला, त्याच्या शेजारच्या कुलपाचं सांगायला. नाव न घेता ही माणसं इतकं सगळं सांगू शकत होती. मी त्या दिवशी फॉर्मात आयुष्यातली पहिली खाडाखोड केली, अक्काच्या घरापुढची, आणि ती तशीच ठेवली.

पुरवणी यादी गेली. आता अमावस्येला बारा दिवस होते. मी रोज ऑफिसात फोन करायची, साहेब रोज वैतागायचे. अमावस्येच्या तीन दिवस आधी त्यांनी माझा आवाज ऐकल्याबरोबर सांगितलं, "आलं. तुझं गाव आलं. आता मला जगू दे." मी बूथमध्येच खाली बसले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. बूथवाल्यानं पाणी आणून दिलं आणि विचारलं, कोण गेलं?

"कोणी नाही गेलं," मी म्हणाले. "येणार आहेत."

अमावस्येच्या दिवशीच शाळेत दुपारच्या जेवणाची चूल पेटली. आठवड्यात तळ्याचं काम निघालं, निम्मा मोबदला धान्यात. म्हातारी पंगतीत बसली आणि अक्का तिच्या शेजारी, पहिल्यांदाच तिच्याबरोबर. मी लांबून बघितलं. तिनं दुसऱ्यांदा भात मागून घेतला तेव्हा माझ्याच पोटात गेल्यासारखं वाटलं.

बातमी पुण्याला कशी पोचली कोण जाणे. बहुतेक पुण्याच्या बाईंनीच बायकांच्या कानावर घातली. पुढच्या महिन्यात सातांपैकी पाच कुलपं उघडली. मारुतीच्या मागचं घर उघडलं त्या दिवशी मी फेरीला गावातच होते. ती माय, तिची लग्नाची पोर, कडेवर तीन वर्षांचा मुलगा. नवरा सामान उतरवत होता. अक्का तिला बाजूला घेऊन कुजबुजत सांगायला लागली की काळजी करू नकोस, कागदावर नाव कुठंही नाही, मुडबीला काहीही कळलेलं नाही, मी हू का चू केलं नाही.

ती माय आधी ऐकत राहिली आणि मग तिला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून ती ओट्यावरच बसली.

"अक्का, मुडबीचं घर तितंच हाय की. आमच्या खोपटाच्या पल्याड. पयल्याच आठवड्यात नळावर घागर घिऊन मी आन् पोराची माय समूरासमूर. ती म्हणली, तुमी बी गाणगापूरलाच का? आन् दोघी बी हसलाव. सुपारी तितंच फोडली."

अक्का थक्क झाली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या बाईकडे. इतके दिवस तिनं जे दाताखाली धरून ठेवलं होतं, त्याचं काय करावं हे तिला कळेना. तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"मग मी कुनापासनं झाकून ठिवले गं येवडं?"

त्या बाईचं हसू थांबलं. तिनं लेकराला खाली ठेवलं आणि अक्काचे दोन्ही हात धरले. तिच्या तळव्यांना विटांनी भेगा पडलेल्या होत्या.

"आमच्यासाटी झाकलीस की, अक्का," ती म्हणाली. "तितं दिसभर मुकादम काय बी म्हणायचा. पर गावात आपन गाणगापूरला हाव, ह्या येका गोष्टीवर मला झोप लागायची."